परतीचें मावंदें

प्रवासास कसें निघावें, बरोबर काय न्यावें, कोठें उतरावें व काय पाहावें, हें सांगणारीं माणसें पुष्कळ भेटतात. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं तर सहलीच्या सामानाची यादीच करून ठेविली असून ती ते मागणाऱ्यास आणि न मागणाऱ्यासहि देतात. परंतु प्रवासाहून परत कसें यावें, हें मला आजवर कोणीं सांगितलेलें नाहीं. घर आपलेंच, वाट ओळखीची, किल्ली खिशांत; मग परत येण्यांत शिकण्यासारखें आहे तरी काय, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल. मलाहि तसेंच वाटत असे. पण गेल्या जून महिन्यांत आमच्या घरीं जें घडलें त्यामुळें माझें मत पालटलें, आणि तेंच आज आपणांपुढें मांडावें असें योजिलें आहे.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगतों. आमचें बिऱ्हाड सांगलीस आहे. मी, माझी पत्नी, मुलगा, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू व पांच वर्षांची नात असें आमचें सहा माणसांचें कुटुंब. मुलगा एका कारखान्यांत हिशेबाचें काम पाहतो. सूनबाई बँकेंत नोकरीस आहे. मुलांनीं वर्षभर एकच धोशा लाविला होता, तो हा कीं खोपोलीजवळचें थीम पार्क पाहावयाचें. नातवाच्या वर्गांतील कांहीं मुलें तेथें जाऊन आलीं होतीं, व न गेलेल्यांना डबा खातांना रोज तींच वर्णनें ऐकावीं लागत. शेवटीं उन्हाळ्याच्या सुटीच्या अगदीं अखेरीस, मुलाची व सुनेची रजा जुळून आली तेव्हां, आम्ही सहाहि जण शुक्रवारीं पहाटे निघालों, दोन रात्री तेथें राहिलों व रविवारीं परतलों.

माझ्या लहानपणीं अशी करमणूक म्हणजे गांवची जत्रा. तींत लाकडी पाळणा असे. तो दोन धट्टेकट्टे इसम हातांनीं फिरवीत. पाळणा वर गेला कीं आपल्याच शाळेचीं कौलें दिसत, आपल्याच घरचा गोठा दिसे, आणि खालीं भज्यांच्या दुकानापाशीं आपलेच मास्तर उभे असलेले दिसत. जत्रा पाहून झाली कीं पांच मिनिटांत घर. तेथून परतणें म्हणजे ओसरीवरून माजघरांत येण्यासारखें होतें. त्याला निराळी तयारी लागत नसे.

थीम पार्काची गोष्ट वेगळी आहे. या उद्यानांचा कित्ता ज्यानें घालून दिला तें डिस्नेलँड वॉल्ट डिस्ने यांनीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, अॅनाहाइम या गांवीं, १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. त्या उद्यानाभोंवतीं मातीचा उंच बांध घातलेला आहे. आंत आलेल्या माणसास बाहेरचे रस्ते, बाहेरचीं घरें, थोडक्यांत म्हणजे रोजचें जग दिसूं नये, हा त्या बांधाचा हेतु. आपल्याकडे मुंबईजवळ गोराईस १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड निघालें, आणि खोपोलीजवळचें इमॅजिका २०१३ सालीं सुरू झालें. मातीचा बांध सर्वत्र असतोच असें नाहीं. पण मनाचा बांध सर्वत्र असतो. आंत पाऊल टाकल्यावर दळण संपलें आहे, विजेचें बिल भरावयाचें आहे, सहामाहींत गणितांत पंधरा गुण मिळाले होते, यांपैकीं कांहींहि कोणास आठवत नाहीं. आठवूं नये यासाठींच तर माणूस तेथें जातो. मी ही निंदा म्हणून सांगत नाहीं. तीन दिवस आम्ही खरोखर सुखांत होतों. नातू मोठ्या रोलर कोस्टरवर बसला व उतरतांना त्याचे पाय लटपटत असूनहि 'पुन्हां' म्हणाला. नात उंची मोजण्याच्या पट्टीपाशीं चार बोटें कमी भरली म्हणून रडली, व पाण्याच्या कारंज्यापाशीं सर्व विसरून हंसली. आम्ही म्हातारा-म्हातारी सर्वांच्या पिशव्या सांभाळीत झाडाखालीं बसलों. पिशव्या सांभाळण्याचें सुखहि कांहीं कमी नव्हतें.

मात्र ज्या बांधामुळें आंतलें सुख निर्वेध होतें, त्याच बांधावरून परततांना उडी घ्यावी लागते. आम्हीं ती उडी अंधारांत घेतली, आणि त्याचा दोष मुख्यतः माझा आहे. मुलगा म्हणत होता कीं रविवारीं सकाळींच निघूं. मी म्हणालों, "तिकिटाचे पैसे मोजले आहेत, शेवटचा तास कां सोडावयाचा?" मास्तरकींत आयुष्य काढलेल्या माणसास पैसे वसूल करण्याची फार संवय असते. आम्ही दिवस मावळतां निघालों. घाट चढेपर्यंत मुलें गाणीं म्हणत होतीं. खंबाटकीच्या घाटांत तीं गप्प झालीं. कऱ्हाड आलें तेव्हां दोघेंहि एकमेकांच्या अंगावर कलंडून झोंपलीं होतीं. मध्यरात्र उलटून गेल्यावर आम्हीं घराचें कुलूप काढलें. दुसऱ्या दिवशीं सोमवार. शाळेचा पहिला दिवस, बँक, कारखाना, सर्व कांहीं एकदमच उघडावयाचें होतें.

रात्रीं दोन वाजतां मी पाणी पिण्यास उठलों तों स्वयंपाकघरांत दिवा दिसला. वॉशिंग मशीन चालू होतें. सूनबाई जमिनीवर बसून सहा माणसांचे तीन दिवसांचे कपडे निवडीत होती. ओट्यावर मुलांचे डबे धुऊन पालथे घातले होते, आणि एका पातेल्यांत सकाळच्या उसळीसाठीं मटकी भिजत होती. मी म्हणालों, "अग, झोंप आतां. सकाळीं पाहतां येईल." ती म्हणाली, "बाबा, सकाळीं नळाला अर्धाच तास पाणी असतें." मग जरा हंसून म्हणाली, "सहलीला आपण सगळे गेलों; परत मात्र मी एकटीच आलें असें वाटतें."

ती हें कुरकुरीनें बोलली नाहीं, म्हणूनच तें माझ्या जिव्हारीं लागलें. आम्ही पांचहि माणसें देहानें परतून अंथरुणांत पडलों होतों. घर पुन्हां चालतें करण्यासाठीं खऱ्या अर्थानें परतली होती ती एकटीच.

सकाळीं दुसरा प्रसंग घडला. नातू उठेना. उठविल्यावर तोंड धुईना. पोळी-भाजी पाहून म्हणाला, "घरांत नेहमीं हेंच असतें. इथें कांहींच होत नाहीं." माझीहि झोंप पुरी झाली नव्हती. मी गरजलों, "एवढा खर्च केला, तीन दिवस चैन केलीस, तरी तोंड वांकडें तें वांकडेंच! उपकाराची जाणीव म्हणून नाहीं." त्याचे डोळे भरून आले. तो एवढेंच म्हणाला, "मग नेलेंत कशाला?" आणि न खातांच शाळेस गेला.

श्रोतेहो, विद्यार्थ्यांनीं विचारलेल्या शेंकडों प्रश्नांस मीं उत्तरें दिलीं आहेत. पण या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें. जें प्रेमानें दिलें त्याचें मीं चोवीस तासांच्या आंत कर्ज करून टाकलें होतें. मुलगा कृतघ्न नव्हता. तो उंचावरून पडला होता आणि त्याला लागलें होतें, इतकेंच. पडलेल्या मुलास कोणी खर्चाचा हिशेब सांगत नाहीं.

या विषयाचा शास्त्रज्ञांनींहि विचार केला आहे असें मला पुढें वाचनांत आढळलें. नेदरलँड्समधील संशोधकांनीं १,५३० प्रौढ माणसांची एक पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ९७४ जण सुटीवर जाऊन आलेले होते. सुटीवर जाणारीं माणसें जाण्यापूर्वीं इतरांपेक्षां अधिक आनंदांत असतात, असें त्यांना दिसलें. परंतु परत आल्यानंतर जाऊन आलेले व घरीं राहिलेले यांच्या आनंदांत सामान्यतः कांहीं फरक उरत नाहीं. अपवाद एकच होता. ज्यांची सुटी अत्यंत निवांत गेली होती त्यांचा आनंद परतल्यावरहि कांहीं काळ टिकला. म्हणजे सहलीचा मोठा आनंद वाट पाहण्यांत असतो, आणि मागें उरणारा आनंद निवांतपणावर अवलंबून असतो. आम्हीं वर्षभर वाट पाहण्याचें सुख भोगलें होतें खरें. निवांतपणा मात्र शेवटच्या तासाच्या लोभापायीं घालविला होता.

दुसरा एक प्रयोग याहून मौजेचा आहे. डॅनिएल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांस २००२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. २०२४ सालीं ते निवर्तले. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आहे. माणसांना एक हात १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यांत ६० सेकंद धरावयास सांगितलें. दुसऱ्या खेपेस दुसरा हात तितक्याच थंड पाण्यांत ६० सेकंद, आणि त्यापुढें आणखी ३० सेकंद धरावयाचा होता. पण या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू एक अंशानें कोमट होत जाई. मग विचारलें कीं यांपैकीं कोणता अनुभव पुन्हां घ्याल? बहुतेकांनीं दुसरा, म्हणजे अधिक वेळ त्रास देणारा अनुभव निवडला! कारण त्याचा शेवट सौम्य होता. आठवण ही घड्याळ लावून मोजमाप करीत नाहीं; ती कळस पाहते आणि शेवट पाहते. आमच्या सहलीचा कळस उत्तम होता. शेवट मात्र मध्यरात्रीचें कुलूप, भिजत घातलेली मटकी आणि आजोबांचा आरडाओरडा असा झाला.

खरें पाहतां हा धडा मला त्या रोलर कोस्टरनेंच द्यावयास हवा होता. तेथें रांगेंत उभें असतां मीं नातवाला मोठ्या ऐटीनें समजावून सांगितलें होतें कीं या गाडीला साखळी एकदां वर ओढून नेते; पुढें इंजिन नाहीं, कांहीं नाहीं; उंचीवर सांठविलेल्या शक्तीचेंच वेगांत रूपांतर होतें. हें सर्व बरोबर होतें. पण त्या रुळांच्या अखेरचा भाग मीं त्याला दाखविला नाहीं. तेथें लांबवर रोधक बसविलेले असतात. गाडी भर वेगानें फलाटावर येत नाहीं. आधीं तिचा वेग उतरवितात, मग ती मुंगीच्या पावलांनीं आंत येते, आणि मग कमरेचे पट्टे उघडतात. ज्यांनीं तें यंत्र केलें त्यांनीं थांबण्यासाठींहि रूळ घातले आहेत. आम्हीं आमच्या सहलीच्या आंखणींत तेवढी जागा सोडली नव्हती.

असो. चूक कळल्यावर ती निस्तरणें प्राप्तच होतें. त्या सोमवारीं संध्याकाळीं मीं नातवाला जवळ घेऊन सांगितलें कीं सकाळीं माझें चुकलें. तो कांहीं बोलला नाहीं; पण त्यानें माझ्या हातांतला चहाचा कप उचलून मोरींत नेऊन ठेविला, तें मीं उत्तर समजलों. मग आम्हीं घरांत बसून कामें वांटून घेतलीं. उरलेले कपडे वाळत घालणें व घड्या करणें हें बाप-लेकांकडे आलें. प्रवासाच्या पिशव्या झटकून माळ्यावर टाकणें मजकडे आलें. भाजी निवडणें मी आणि पत्नी पूर्वींपासूनच करीत होतों. आतां कुकर लावणेंहि मीं अंगावर घेतलें, आणि या वयांतहि शिट्या मोजतां येतात हें सिद्ध केलें. दोन दिवस रात्रीचा स्वयंपाक म्हणजे मुगाची खिचडी, भाजलेला पापड आणि ताक. तीन दिवस बाहेरचें खाऊन आलेल्या पोटांना तेवढेंच हवें होतें, आणि नातवाला घरच्या अन्नाचा जो वीट आला होता तो त्या खिचडीच्या वाफेनें पहिल्याच रात्रीं गेला.

झोंपेचें गणित थोडें अवघड होतें. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठीं नऊ ते बारा तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकांच्या संस्थेनें २०१६ सालीं सांगून ठेविलें आहे. सुटीभर मुलें अकराला झोंपून आठाला उठत होतीं, आणि शाळेसाठीं सहाला उठणें भाग होतें. पहिल्याच रात्रीं आठ वाजतां दिवे मालविण्याचा हुकूम सुटला असता तर अंधारांत केवळ गप्पा झाल्या असत्या. म्हणून रोज वीस-पंचवीस मिनिटें अलीकडे सरकत गेलों. हें सुटी संपण्यापूर्वींच करावयाचें असतें हें मान्य. पण पुढच्या वर्षासाठीं शहाणपण आलें. खर्चाचाहि हिशेब आम्हीं नातवाला बरोबर घेऊन मांडला. मात्र 'तुझ्यासाठीं एवढे गेले' अशा सुरांत नव्हे, तर 'पुढची सहल कधीं जमेल तें पाहूं' अशा सुरांत. आकडे तेच असतात. एका सुरांत ते कर्ज होतात, दुसऱ्यांत बेत होतात.

येथपर्यंत ही घरगुती डागडुजी झाली. परंतु बुधवारीं असें कांहीं घडलें कीं मला माझ्या स्वतःच्या मास्तरकीकडे वळून पाहावें लागलें.

नातवाला शाळेंत निबंध लिहावयास सांगितला होता; विषय अर्थातच 'मीं सुटी कशी घालविली.' तो विषय माझ्या चांगल्या परिचयाचा. तीस वर्षें, दर जूनमध्यें, मींहि तोच घातला आहे. नातवानें चार पानें लिहिलीं व सर्व वर्गास वाचून दाखविलीं. घरीं येऊन तो मोठ्या खुशींत सांगूं लागला, "आजोबा, माझ्या शेजारीं बसतो ना, त्यानें नुसतें नदीवर पोहलों म्हणून लिहिलें. तो कुठेंच गेला नव्हता. सगळे हंसले."

मी हंसलों नाहीं. मला एक जुनी वही आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वीं याच विषयावर माझ्या वर्गांतील एका मुलीनें एकच ओळ लिहिली होती: आम्ही कोठें गेलों नाहीं. मीं तिच्याखालीं तांबड्या शाईनें 'अपुरें' असा शेरा मारला, आणि महाबळेश्वरचें वर्णन केलेला दुसरा एक निबंध वर्गांत वाचून दाखविला. त्या मुलीची आई त्या उन्हाळ्यांत अंथरुणाला खिळून होती, आणि घरचें सर्व ही दहा वर्षांची पोर करीत होती, हें मला दिवाळीच्या सुमारास कळलें. तेव्हां शेरा खोडावा म्हणून मीं ती वही मागितली. पण ती भरून गेली होती व रद्दींत गेली होती. श्रोतेहो, तिचें लिहिणें अपुरें नव्हतें. माझें वाचणें अपुरें होतें.

मीं ही गोष्ट नातवाला जशीच्या तशी सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला; मग म्हणाला, "मग आतां काय करायचें?" मी विचारांत पडलों. पण उत्तर दिलें तें माझ्या पत्नीनें. ती लसूण सोलीत होती, मान वर न करतां म्हणाली, "मावंदें घाला."

आजच्या तरुण श्रोत्यांस हा शब्द कदाचित् ठाऊक नसेल. पूर्वीं घरांतील कोणी काशीयात्रेस गेला म्हणजे त्याची पाठवणी होत असे, तसेंच तो परत आल्यावर मावंदें होत असे. यात्रेकरू गंगेच्या पाण्याचा गडू घेऊन येई. त्या गंगेची पूजा होई, आप्तेष्टांना व शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवावयास बोलावीत, तीर्थ सर्वांच्या हातावर पडे, आणि मग ती यात्रा पुरी झाली असें समजत. मावंद्यावांचून यात्रा अर्धी. माझ्या पत्नीच्या आजोळीं असें एक मावंदें झालेलें तिनें लहानपणीं पाहिलें होतें, व त्या दिवशींच्या जिलब्या तिला अद्याप आठवतात.

मला वाटतें, आपल्या पूर्वजांस परतण्याचें मर्म आपणांपेक्षां अधिक कळलें होतें. पंढरीच्या वारीचेंच पाहा. जातांनाची वारी सर्वांस ठाऊक असते. तिचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांतून येतात. पण आषाढी पौर्णिमेस गोपाळकाला झाला म्हणजे पालख्या परतीस लागतात, आणि त्या वाटेनेंहि कांहीं वारकरी पायींच चालत येतात. तिला परतवारी असा स्वतंत्र शब्द आहे. जेथें स्वतंत्र शब्द असतो तेथें त्या गोष्टीस स्वतंत्र मान असतो. मावंदें काय, परतवारी काय, दोहोंतहि एकच शहाणपण आहे: जो जाऊन आला त्यानें एकदम घरांत शिरूं नये, हळूहळू यावें, आणि जें पाहिलें त्यांतलें थोडें न गेलेल्यांच्या हातावर घालावें.

पुढच्या रविवारीं आम्हीं मावंदें घातलें. खोपोलीहून गंगेचा गडू आणलेला नव्हता. आणलेल्या होत्या त्या चार किल्लीच्या सांखळ्या, एक टोपी आणि चिक्कीचे पुडे. आळींतलीं अकरा मुलें बोलावलीं. नातवानें आपल्या शेजारीं बसणाऱ्या मुलास स्वतः त्याच्या घरीं जाऊन आमंत्रण दिलें. बेत पुरी, बटाट्याची भाजी व शेवयांची खीर असा साधाच होता. पुऱ्या लाटल्या माझ्या पत्नीनें, तळल्या मुलानें, वाढल्या मीं. सूनबाईस आम्हीं पाटावर बसविली आणि उठूं दिली नाहीं. एक पुरी करपली ती तिच्याच ताटांत पडली. पण तिनें तिची तक्रार केली नाहीं.

जेवणें झाल्यावर नातवानें सहलीचें वर्णन सुरू केलें. या खेपेस तो बेताचें बोलला. तो पोहणारा मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. त्यानें विचारलें, "रांगेंत किती वेळ उभा होतास?"

"मोठ्या कोस्टरला दीड तास."

"आणि कोस्टर किती वेळ चालतो?"

नातवानें जरा विचार करून सांगितलें, "दोन-तीन मिनिटें असेल."

तो मुलगा खो खो हंसत सुटला. म्हणाला, "आमच्या नदीला रांगच नाहीं! मी रोज दोन तास पोहत होतों." सगळीं मुलें हंसलीं, आणि त्यांत नातूहि हंसला. मग प्रश्नांचा ओघ उलट दिशेनें वाहूं लागला. उलटी उडी कशी मारतात? पाण्याखालीं डोळे उघडे ठेवतां येतात का? भोंवरा आला तर काय करावें? शाळेंत ज्याच्या निबंधाला मुलें हंसलीं होतीं तोच आतां मधोमध बसून सांगत होता, आणि थीम पार्क पाहून आलेला माझा नातू तोंड उघडें टाकून ऐकत होता. जातांना तो मुलगा म्हणाला, "आतां नदीचें पाणी चढेल. दिवाळीनंतर ये, मी शिकवितों. पण मोठं माणूस बरोबर पाहिजे." सांगलीच्या मुलांस कृष्णेच्या पुराची शिकवण वेगळी द्यावी लागत नाहीं.

तेव्हांपासून आमच्या घरांतील दिनदर्शिकेवर दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवाराभोंवतीं पेन्सिलीचें एक वर्तुळ आहे. तें नातवानें काढलें आहे. मोठें माणूस म्हणून माझें नांव त्यानें परस्पर घातलें असून त्याविषयीं मला विचारण्याचीहि त्यास गरज वाटलेली नाहीं. 'इथें कांहींच होत नाहीं' असें तो पुन्हां म्हणालेला नाहीं. सहलीपूर्वीं जें वाट पाहण्याचें सुख त्याला होतें तेंच आतां घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, फुकट, रांगेवांचून मिळालें आहे.

श्रोतेहो, माझें सांगणें थोडकें आहे. आपण मुलांना अवश्य हिंडवावें. ऐपतीप्रमाणें दूर न्यावें, हौसेप्रमाणें उंच न्यावें. पण बेत आंखतांना शेवटचा एक दिवस घरासाठीं राखून ठेवावा, मग त्यापायीं तिकडचा एखादा तास बुडाला तरी हरकत नाहीं. घरीं उजेडीं यावें. आल्यावर कपड्यांचा ढीग एकाच बाईच्या पदरांत टाकूं नये. सहा माणसें गेलीं असतील तर सहा माणसांनीं परतावें. मुलाचें तोंड उतरलेलें दिसलें तर त्याला खर्चाची आठवण न देतां खिचडी वाढावी. आणि ज्याला जावयास मिळालें नाहीं अशा एखाद्या मुलाला घरीं बोलावून, आपलें थोडें सांगून, त्याचें पुष्कळ ऐकून घ्यावें.

आम्हीं पुढच्या सहलीच्या सामानाची यादी आतांच केली आहे. तिच्या अखेरीस सूनबाईनें आपल्या हातानें एक ओळ लिहिली आहे: 'परतीचा दिवस – मावंद्यासह.' शेजारच्या गृहस्थांनाहि मीं ती ओळ त्यांच्या यादींत उतरून घ्यावयास सांगितली आहे. आपणांसहि तेंच सांगून मी आपली रजा घेतों.